‘गोवर साधा, लसच घातक’ या दाव्याला उत्तर

सध्या एक मजकूर हातोहात पुढे जातोय. त्याचा गोषवारा असा: गोवर पूर्वी घरोघरी होऊन जायचा, त्यात विशेष काही नाही. लशीने मात्र मुलांना फिट येते आणि ते लपवलं जातं. साथीत लस घेतलेलीच मुलं जास्त आजारी पडतात. शिवाय गोवर आता दिसतोच कुठे, मग उगाच जोखीम का घ्यायची?

फिट येते, हे खरं आहे. गोवर-गालगुंड-रुबेला लशीच्या ३ ते ४ हजार डोसांमागे साधारण एका मुलाला तापातली आकडी येते, बहुधा दुसऱ्या आठवड्यात. पोराचे डोळे फिरतात, अंग ताठ होतं; ज्या आईने हे पाहिलंय तिला ‘काही नाही हो’ म्हणून वाटेला लावणं निर्दयपणाचं आहे. पण ही आकडी सहसा काही मिनिटांत आपोआप थांबते आणि मेंदूला कायमची इजा करत नाही. जीवघेणी अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांत एखादी.

लपवलं जातं म्हणाल, तर हे आकडे दुष्परिणामांच्या नोंदी आणि अभ्यासांतूनच आलेत. अमेरिकेत रोटाव्हायरसची ‘रोटाशील्ड’ ही लस आतड्यात आतडं अडकण्याच्या तक्रारी दिसताच १९९९ मध्ये मागे घेतली गेली.

आता त्या मजकुरात नसलेली बाजू. गोवर झालेल्या २० मुलांमागे साधारण एकाला न्यूमोनिया होतो, हजारात एकाला मेंदूचा दाह. उपचार हाताशी असूनही हजारात १ ते ३ मुलं दगावतात. कुपोषण असेल तिथे कितीतरी जास्त. क्वचित एखादं मूल बरं होऊन शाळेत जाऊ लागतं आणि ७ ते १० वर्षांनी त्याचं अक्षर बिघडतं, हातातल्या वस्तू पडतात, अंगाला झटके बसू लागतात. मेंदूत दडून राहिलेल्या गोवराच्या विषाणूचा हा आजार बरा करणारं औषध नाही. १९८० मध्ये जगभरात गोवराने सुमारे २६ लाख माणसं गेली. ‘आम्हाला कुठे काय झालं’ हे वाचलेलेच सांगतात.

साथीतला मुद्दा निव्वळ हिशोबाचा आहे. समजा १,००० मुलांपैकी ९८० जणांनी दोन्ही डोस घेतलेत. संरक्षण ९७ टक्के धरलं तर त्यांतल्या सुमारे २९ जणांना गोवर होऊ शकतो. उरलेल्या २० पैकी १८ जणांना होतो. संख्या लसवाल्यांची मोठी, पण धोका एकीकडे शंभरात ३ आणि दुसरीकडे शंभरात ९०.

‘दिसतोच कुठे’ हा प्रश्न मात्र खरंच विचार करण्याजोगा आहे. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकतो, लसीकरण घटलं की साथ परतते. तरीही मुलाला गोवर होण्याची शक्यता अगदी शंभरात एकच धरू. मग निव्वळ मेंदूदाहाचा धोका लाखात एक होतो, म्हणजे लशीच्या तीव्र अ‍ॅलर्जीच्या दहापट. आणि त्या अ‍ॅलर्जीवर लगेच देता येईल असं इंजेक्शन आहे. गोवराच्या विषाणूला मारणारं औषध अजून नाही.