अठ्ठ्याण्णव टक्के शिक्षिका

माझे प्रशिक्षण ९८ टक्के पूर्ण झाले आहे आणि गेले अकरा दिवस ते ९८ टक्केच पूर्ण झालेले आहे. पडद्यावरची हिरवी पट्टी डावीकडून निघून उजव्या कडेला टेकता टेकता थबकली आहे. दारापर्यंत येऊन आत यावे की न यावे अशा संभ्रमात पडलेल्या पाहुण्यासारखी. उरलेल्या दोन टक्क्यांत नेमके काय शिकायचे राहिले, हे मला कोणीही सांगू शकलेले नाही. बावीस वर्षे गणित शिकवल्यामुळे शेकडेवारीची मला भीती वाटत नव्हती, आता वाटते.

प्रशिक्षणाचा विषय ‘ऑनलाइन अध्यापनाची कौशल्ये’ असा आहे. वास्तविक २०२० साली शाळा बंद झाल्या आणि १९०हून अधिक देशांतले सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी बसले, तेव्हा कोणतेही कौशल्य नसताना, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात पाठ्यपुस्तक धरून मी महिनोन्‌महिने शिकवले होते. पाण्यात ढकलल्यावर हातपाय मारत कसेबसे काठाला लागावे, अंग पुसून कोरडे व्हावे आणि मग कोणीतरी येऊन ‘पोहण्यापूर्वी घ्यावयाची काळजी’ हा बारा घटकांचा अभ्यासक्रम हाती द्यावा, तसे हे झाले. तरीही मी उत्साहाने नाव नोंदवले. (परिपत्रकात ‘अनिवार्य’ हा शब्द होता, हे त्या उत्साहाचे एक कारण.)

शैक्षणिक चित्रफितीची लांबी किती असावी, हे तिसऱ्या घटकात शिकवले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एडएक्स या मंचावर चित्रफिती पाहिल्या गेल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या गेल्या आणि चित्रफीत कितीही लांब असो, पाहणारा साधारणपणे सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही, असे आढळून आले. ही अत्यंत उपयुक्त माहिती मला ४७ मिनिटांच्या चित्रफितीत एकतिसाव्या मिनिटाला मिळाली. चित्रफीत पुढे सरकवण्याची सोय बंद ठेवलेली होती. मागे मात्र नेता येत होते. पहिली तीस मिनिटे पुन्हा पाहण्याची कोणाला अनावर इच्छा झालीच तर त्याची गैरसोय होऊ नये, एवढा विचार कोणीतरी केला होता.

आम्ही पळून जाऊ नये म्हणून दर दहा मिनिटांनी पडद्यावर एक चौकट उगवत असे. ‘आपण अजून येथे आहात का?’ असा प्रश्न आणि खाली ‘होय’ हे एकच बटण. ‘नाही’ असे उत्तर देण्याची सोय नव्हती, आणि तर्काच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मला आठवते, ऑनलाइन वर्गाच्या काळात एका विद्यार्थ्याने कॅमेऱ्याच्या जागी स्वतःचे छायाचित्र लावून ठेवले होते आणि तीन आठवडे मी त्याच्या एकाग्रतेचे वर्गासमोर कौतुक करत होते. हे उघडकीस आले तेव्हा मी त्याला प्रामाणिकपणा या विषयावर दहा ओळी लिहायला लावल्या. आता पाचव्या घटकापासून मी माझ्या नववीतल्या मुलाला ‘होय’ दाबण्याच्या कामावर नेमले आणि स्वतः उत्तरपत्रिका तपासायला बसले. दहा ओळींचा विषय त्याने काढला नाही, हे त्याचे उपकार.

सहाव्या घटकानंतर थेट सत्र होते. एकशेचाळीस शिक्षक एका वेळी जोडले गेले, म्हणजे दिवसभर इतरांना गप्प बसवणारी एकशेचाळीस माणसे एकत्र आली. पहिली पंचवीस मिनिटे ‘आवाज येतोय का?’ या एकाच प्रश्नावर सर्वांगीण चर्चा झाली. एका शाळेतले दोघे शिक्षक एकाच खोलीत, शेजारी शेजारी बसून, आपापल्या यंत्रावरून सहभागी झाले होते. त्यामुळे एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरत होता, तेथून सर्वांकडे जाऊन पुन्हा पहिल्याच्या स्पीकरमधून बाहेर पडत होता, आणि प्रत्येक फेरीत मोठा होत होता. तो आवाज ऐकून माझा मुलगा शेजारच्या खोलीतून ‘काय झालं?’ असे विचारत धावत आला. प्रशिक्षक ‘कृपया सर्वांनी म्यूट करा’ असे कळवळून सांगत होते, हे त्यांच्या ओठांवरून समजत होते; कारण त्यांनी स्वतःच ते सर्वांत आधी केले होते. एका बाईंच्या चौकटीत केवळ छताचा पंखा दिसत होता. हजेरीच्या वेळी त्या पंख्याने नम्रपणे ‘हजर’ म्हटले.

मग खरा विषय सुरू झाला. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षकाने किती वेळ थांबावे, असा तो विषय. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली संभाषणे ध्वनिमुद्रित करून मोजली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात, असे तिला दिसले. हेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले की मुलांची उत्तरे लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. हे मला मनापासून पटते. वर्गात मी तीन सेकंद थांबू शकते, कारण त्या तीन सेकंदांत मला चाळीस चेहरे दिसत असतात: कोण आकडेमोड करतो आहे, कोण शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आहे, कोणाचे ओठ उत्तरापाशी येऊन अडले आहेत. पडद्यावर मात्र चाळीस काळ्या चौकोनांकडे पाहत तीन सेकंद काढणे म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट पाहणे होय. शिवाय प्रश्न तिकडे पोहोचायचा, विद्यार्थ्याने दचकून जागे व्हायचे, माइकचे चिन्ह शोधायचे आणि ‘बाई’ म्हणायचे, या सगळ्याला सात सेकंद तरी लागतात, आणि तोवर मी उत्तर सांगून पुढच्या उदाहरणावर गेलेली असते. आवाज एका बाजूकडून दुसरीकडे जायला १५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू नये, अशी दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. तो वेळ बराच वाढला की दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, ‘तू बोल’ असे दोघे एकदम म्हणतात आणि पुन्हा दोघेही गप्प होतात. वर्गातल्या सर्वांत भांडखोर मुलांमध्ये इतके सौजन्य मी एरवी पाहिलेले नाही.

यावर काय करावे, ही माझी खरोखरच शंका होती. ‘धीर धरा’ असे लिहिलेली स्लाइड दाखवून प्रशिक्षकांनी ‘काही शंका?’ असे विचारले. मी चष्मा चढवला, माइकचे चिन्ह शोधले, ते दाबले आणि ‘सर’ म्हणाले. तोपर्यंत ते आणखी दोन स्लाइड पुढे गेले होते. ते थांबले आणि म्हणाले, “कोणाचा तरी माइक सुरू आहे, कृपया बंद करा.” मी बंद केला.

नवव्या घटकासाठी डिजिटल फळ्यावर दहा मिनिटांचा नमुना पाठ देऊन तो ध्वनिचित्रमुद्रित करायचा होता. मी ‘अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो’ हे प्रमेय निवडले, कारण फळ्यावर खडूने एका झटक्यात वर्तुळ काढण्याबद्दल माझी थोडी ख्याती आहे. खांद्यापासून हात फिरतो, सुरुवात आणि शेवट एकमेकांना भेटतात आणि मागच्या बाकापर्यंत एक हलका ‘अरे वा’ पसरतो. माउसला खांदा माहीत नाही. त्याला फक्त मनगट माहीत आहे, आणि तेही टेबलाच्या कडेला अडखळणारे. मी काढलेल्या आकृतीकडे विद्यार्थी म्हणून समोर बसवलेल्या मुलाने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “आई, हा कोणत्या खंडाचा नकाशा आहे?” हा प्रश्न मुद्रणात स्पष्ट ऐकू येतो.

तयार आकारांमध्ये वर्तुळ असते, हे मला नंतर कळले; परंतु ते ओढताना शिफ्टचे बटण दाबून धरले नाही तर त्याचे लंबवर्तुळ होते. लंबवर्तुळाच्या अर्ध्या भागातला तो कोन काटकोन असेलच असे नाही, त्यामुळे माझे प्रमेयच चुकीचे ठरू लागले. एका हाताने शिफ्ट, दुसऱ्या हाताने माउस, नजर कॅमेऱ्याकडे आणि चेहऱ्यावर घटक चारमध्ये सांगितलेले प्रसन्न हास्य, अशा अवस्थेत मी तेरा वेळा प्रयत्न केला. तेराव्या वेळी सारे निर्दोष जमले. मुद्रण सुरू करायचे राहिले होते. जो पाठ मी अखेर पाठवला तो चौदावा आहे आणि त्यात मी फारशी हसत नाही.

बाराव्या घटकाच्या शेवटी अभिप्राय लिहून मी कोपऱ्यातल्या फुलीने खिडकी बंद केली, आणि घात झाला तो येथे. आमच्या शाळेतल्या संगणक शिक्षकांनी मला समजावून सांगितले की असे बरेच अभ्यासक्रम स्कॉर्म नावाच्या प्रमाणित पद्धतीने सर्व्हरशी बोलतात आणि घटकातून रीतसर बाहेर पडताना ‘पूर्ण’ असा निरोप जातो. तो निरोप पाठवण्याआधीच मी दार लावले असावे. त्या पद्धतीच्या शब्दकोशात ‘पूर्ण’, ‘अपूर्ण’, ‘उत्तीर्ण’, ‘अनुत्तीर्ण’ असे मोजके शब्द आहेत. ‘बाईंनी सगळे केले, पण चुकीच्या बाजूने बाहेर पडल्या’ यासाठी शब्द नाही.

मी मदत कक्षाला लिहिले. उत्तर आले: ‘आपली तक्रार नोंदवली आहे.’ मी पुन्हा लिहिले, पुन्हा तेच उत्तर आले. इंग्लंडमध्ये १८४०च्या सुमारास आयझॅक पिटमन लघुलिपीचे धडे टपालाने शिकवत असत. विद्यार्थी मजकूर लघुलिपीत उतरवून पाठवत आणि तो तपासून परत येत असे. दूरशिक्षणाचा इतिहास सांगताना हे उदाहरण हमखास देतात, आणि पहिल्या घटकात ते मला जुनाट वाटले होते. आता मला त्या विद्यार्थ्यांचा हेवा वाटतो. त्यांचा कागद निदान कोणीतरी उघडत होते.

बाराव्या दिवशी, म्हणजे काल रात्री हा लेख अर्धा लिहून झाल्यावर, हिरवी पट्टी अचानक कडेला टेकली आणि प्रमाणपत्र आले. ज्या यंत्रणेने ते छापले तिला ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहते हे ठाऊक नसावे. ती वेलांटी अक्षर संपल्यावर लावते, म्हणून ती पुढच्या अक्षराला जाऊन चिकटते. परिणामी माझे ‘प्रशक्षिण’ पूर्ण झाले असून माझ्या नावातली वेलांटीही एक घर पुढे सरकली आहे. सवयीने माझा हात लाल पेनकडे गेला. ते प्रमाणपत्र कार्यालयाच्या संकेतस्थळावर चढवले, तर ‘नाव जुळत नाही’ असा शेरा आला. मी मदत कक्षाला लिहिले. या वेळी उत्तर थोडे मोठे होते. आपली तक्रार नोंदवली आहे, असे पहिल्या ओळीत होते आणि दुसऱ्या ओळीत लिहिले होते: ‘आपल्या सेवेसाठी आम्ही सदैव कटबिद्ध आहोत.’