गहाळ झाला असं लिहा

समजा, उद्या तुमच्या हाती एखाद्या देशाचं गृहखातं आलं, तर पहिल्याच दिवशी मेक्सिकोतल्या प्वेब्ला राज्याचं नाव लिहून ठेवा. तिथल्या एका विद्यापीठातल्या मंडळींनी २०१५ पासून देशोदेशींचा दंडमुक्ती निर्देशांक काढायला घेतला. गुन्हा करून माणूस किती सहज सुटतो, त्याचं गुणपत्रक. लाखामागे न्यायाधीश किती, पोलीस किती, निकालाशिवाय तुरुंगात किती जण कुजताहेत, असल्या नसत्या चौकशा. २०१७ मध्ये फिलिपीन्स पहिला आला, भारत दुसरा. या यादीत नंबर वर म्हणजे अब्रू खाली, हे पेढे वाटण्याआधी बघून घ्या. खुद्द मेक्सिको चौथा. म्हणजे मास्तरांनी घरच्या पोरालाही सोडलं नाही.

खरी मेख पुढेच आहे. जगात दोनशेच्या आसपास देश, क्रमांक लागला ६९ जणांनाच. उरलेल्या बहुतेकांची पुरेशी आकडेवारीच मिळाली नाही. एकही खुनी न पकडता यादीबाहेर! आपलं चुकतं ते इथेच. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं विधी आयोगानं १९८७ मध्ये लिहून ठेवलं, आणि अजून ते बावीसच्या आतबाहेरच आहेत हे सरकार संसदेत उभं राहून सांगतं. २०२२ अखेर तुरुंगातल्या शंभरांपैकी जवळपास ७६ कच्चे कैदी होते, हेही आपणच छापलं. इतका प्रामाणिकपणा कशाला? अलीकडे सुधारणा दिसतेय म्हणा. २०२३ चे गुन्ह्यांचे आकडे बाहेर यायला २०२५ उजाडलं.

लोक फारच मागे लागले तर सत्य देऊन टाका, पण घाई नको. २०१४ च्या सप्टेंबरात मेक्सिकोत आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी बेपत्ता झाले. चारच महिन्यांत तिथल्या महान्यायवादींनी त्यांना कचऱ्याच्या डेपोत जाळल्याचं जाहीर केलं, वर त्याला ‘ऐतिहासिक सत्य’ म्हणून मोकळे झाले. तज्ज्ञांनी ते खोडून काढलं, आणि २०२२ मध्ये अटक झाली ती याच माजी महान्यायवादींना. त्यापेक्षा आपली सबुरी बरी. दाभोलकरांचा पुण्यात खून झाला २०१३ मध्ये, निकाल लागला २०२४ मध्ये. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष, आणि सूत्रधार हाती लागले नाहीत हे न्यायालयानंच म्हटलेलं. रकाना मात्र भरला.

पण गोष्ट कोर्टापर्यंत जाऊच का द्यावी? काम चौकीतच उरकतं. माझा फोन बसमध्ये खिशातून मारला. हवालदारांनी अर्ज वाचला, ‘चोरीला गेला’वर पेनानं आडवी रेघ ओढली आणि कागद परत सरकवला.

‘गहाळ झाला असं लिहा, साहेब. खाली सही.’

एका रेघेत देशातला एक गुन्हा कमी, एक चोर कमी, एक तपास कमी. मी सही केली. मग विचारलं, ‘आता शोधणार कोण?’

‘हरवलाय कोणी?’ असं म्हणून त्यांनी माझ्या मागच्याला हाक मारली.