टेबल बडवणाऱ्याला वाघ म्हणू नका

सकाळपासून डोकं फिरलंय. फॅमिली ग्रुपवर एका चुलतभावाने कुठल्यातरी सभागृहाचा व्हिडिओ टाकलाय, एक लोकप्रतिनिधी टेबल बडवत समोरच्याच्या आईवरून बोलतोय, आणि खाली लिहिलंय 'याला म्हणतात वाघ'. त्यावर घरातल्याच माणसांचे अंगठे आणि टाळ्या. अरे आपण कुठली माणसं? कोकणातल्या जुन्या राजापूर मतदारसंघातली. जिथून बॅरिस्टर नाथ पै 1957, 1962 आणि 1967 असे लागोपाठ तीनदा लोकसभेवर गेले, तिथली!

आमच्या आजीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे, तरी हे असं. 57 साली मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र, आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. आजोबांनी घरातून निघतानाच बजावलेलं की बैलजोडीच्या, म्हणजे काँग्रेसच्या पेटीत टाक. आजी पडद्याआड गेली आणि झोपडीच्या, म्हणजे नाथ पैंच्या प्रजा समाजवादी पक्षाच्या पेटीत टाकून आली. शाळेचं तोंड न बघितलेली बाई. कारण काय, तर थोडे दिवस आधी बाजारात तिने नाथ पैंची सभा ऐकलेली. आजोबा चिडले तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "तेनी कोणाक एक शिवी घालूक नाय, पण सगळा सांगल्यान."

बस. हे तिचं राजकारण.

आणि हा माणूस शिवी घालत नव्हता म्हणजे नेभळट होता असं कोणाला वाटत असेल तर ऐका. महायुद्ध पेटलेलं, इंग्रज सरकार पिसाळलेलं, अशा काळात 42 च्या चळवळीत वेंगुर्ल्याचा हा विशीतला पोरगा पकडला गेला, पोलिसांचा बेदम मार खाल्ला, तुरुंग भोगला. आणि सुटल्यावर शिकायला गेला कुठे तर त्याच इंग्रजांच्या लंडनला, बॅरिस्टर व्हायला! जगभरच्या समाजवादी तरुणांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, ऑस्ट्रियाच्या मुलीशी लग्न केलं. तिकडेच राहिला असता तर कोणी नावं ठेवली असती? आला परत, कोकणच्या लाल मातीत सभा घेत फिरायला. ज्याने कोठडीत मार खाल्लाय त्याला टेबल बडवून शौर्य दाखवावं लागत नाही हो.

आता वकिलीचं बोलतो, कारण व्हिडिओतल्या त्या 'वाघा'च्या नावामागेही अ‍ॅडव्होकेट लावलेलं आहे. 27 फेब्रुवारी 1967 ला सुप्रीम कोर्टाने गोलकनाथ खटल्यात 6 विरुद्ध 5 अशा निसटत्या बहुमताने सांगितलं की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्याच वर्षी नाथ पैंनी, विरोधी बाकावरच्या माणसाने, खाजगी विधेयक आणलं की लोकांनी निवडून दिलेल्या संसदेला घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करता आला पाहिजे. यात त्यांच्या पक्षाला काय मिळणार होतं? काही नाही, सत्ता काँग्रेसकडे होती, अधिकार वाढला असता तो तिच्या हातात. तरी आणलं, कारण त्यांना ते पटलेलं. देशभर त्यावर वाद झाला आणि विधेयक पास व्हायच्या आत माणूसच गेला. पुढे 1971 च्या 24 व्या घटनादुरुस्तीने संसदेला तो अधिकार दिला. मान्य, आणीबाणीत जे झालं ते बघता विधेयकाला विरोध करणारे अगदीच चूक नव्हते. पण भांडण कसल्या उंचीवर चाललेलं ते बघा ना!

आजी सभेतलं सगळं समजली असेल असं मी म्हणत नाही. पण समोरचा आपल्याला शहाणं समजून बोलतोय की आपल्याला चिथवायला आलाय, एवढं तिला बरोबर कळलं, आणि पदव्या घेतलेल्या माझ्या भावंडांना कळत नाही याचा मला राग येतोय. खूप येतोय.

कोणी म्हणेल गोड बोलून कोकणाचं काय भलं झालं, रेल्वे तर 98 ला पूर्ण सुरू झाली. झाली, उशिराच झाली. पण ती मागणी लोकसभेत लावून धरली कोणी? नाथ पैंनीच. त्यांच्यानंतर त्याच राजापुरातून निवडून आलेल्या मधू दंडवत्यांनी ती पुढे नेली, तेही आवाज न चढवता. आता तर राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघच राहिला नाही.

17 जानेवारी 1971 ला बेळगावात सीमालढ्याच्या हुतात्म्यांसाठी सभा होती, हृदयविकार असताना तिथे जाऊन बोलले आणि 18 ला गेले. वय 48. आजी त्या दिवशी जेवली नव्हती असं बाबा सांगतात. भेट नाही, ओळख नाही, एकदा ऐकलेली सभा आणि पेटीत टाकलेला तो कागद, एवढंच नातं.

असो, राग थोडा उतरला लिहिता लिहिता. भावाला फोन करणार आहे, भांडायला नाही. लोकसभेतल्या जुन्या चर्चा नेटवर मिळतात, त्यातली नाथ पैंची भाषणं वाचून बघ म्हणून सांगायला. आणि मित्रांनो, वेंगुर्ला, मालवण, कणकवली, राजापूर, बेळगाव, कुठेही तुमच्या घरात त्यांची सभा ऐकलेलं माणूस अजून असेल तर ते आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढेच असणार. या रविवारी मोबाईल समोर ठेवून त्यांना बोलतं करा, त्यांच्याच बोलीत, आणि मला टॅग करा.