परत येणारच असेल तर उतरवायचे कशाला?

चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश अधूनमधून फिरत असतो. कोणी वीस-पंचवीस किलो वजन उतरवून आपला फोटो टाकला की तो हमखास येतो. त्याचा गोषवारा असा : शंभरातल्या पंच्याण्णव जणांचे उतरलेले वजन पाच वर्षांत परत येते, चाळिशीनंतर चयापचय मंदावलेलाच असतो आणि डाएटमुळे तो कायमचा बिघडतो, वजनाचा असा चढउतार स्थूलपणापेक्षाही घातक असतो, या वयात चालण्यापलीकडचा व्यायाम केला तर गुडघे जातात, आणि ज्या मोजक्यांचे वजन टिकते त्यांची जिद्द जन्मजात असते, ती तुमच्याआमच्यात नसते. शेवटी सल्ला, की आहे त्यात सुखी राहा. सुखी राहण्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु त्याआधीची पाचही विधाने एकेक करून तपासली तर त्यांतले एकही जसेच्या तसे टिकत नाही.

पंच्याण्णव टक्क्यांपासून सुरुवात करू. या आकड्याचे मूळ १९५९ सालच्या एका शोधनिबंधात सापडते. अल्बर्ट स्टंकार्ड आणि मॅव्हिस मॅक्लारेन-ह्यूम यांनी न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात आलेल्या १०० स्थूल रुग्णांची हकीकत त्यात मांडली होती. या रुग्णांच्या हाती आहाराचा तक्ता देऊन त्यांना घरी पाठवण्यापलीकडे फारसे काही केले जात नव्हते. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा लक्षणीय वजन उतरवून ते टिकवलेले अवघे दोघे निघाले. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या, एका दवाखान्यातल्या, पाठपुराव्याविना सोडून दिलेल्या शंभर माणसांवरून सगळ्या जगाचे भवितव्य ठरवणे हा त्या संशोधकांवरही अन्यायच आहे.

त्यानंतरचे पुरावे पाहावेत. ‘लुक अहेड’ या अमेरिकेतल्या दीर्घकालीन चाचणीत टाइप २ मधुमेह असलेले, ४५ ते ७६ या वयोगटातले ५,१४५ लोक होते, म्हणजे संदेश ज्यांना उद्देशून लिहिला आहे नेमक्या त्याच वयाचे. आहार, व्यायाम आणि नियमित भेटी यांवर भर असलेल्या गटातल्या निम्म्या लोकांचे वजन आठ वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा किमान पाच टक्क्यांनी कमी होते, आणि ज्यांनी पहिल्याच वर्षी दहा टक्के किंवा त्याहून अधिक वजन उतरवले होते त्यांच्यापैकी सुमारे ३९ टक्क्यांनी तेवढी घट आठव्या वर्षीही राखलेली होती. याचा अर्थ बहुतेकांचे थोडेफार वजन परत आले हे खरेच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. मात्र ‘थोडे परत आले’ आणि ‘सगळे परत आले’ यांत जे अंतर आहे ते संदेश लिहिणाऱ्याने पुसून टाकले आहे.

दुसरे विधान चयापचयाचे. चाळिशी लागली की शरीराची भट्टी मंद होते ही समजूत इतकी रूढ आहे की ती तपासावी असेही कोणाला वाटत नाही. २०२१ साली हर्मन पाँझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजणी प्रसिद्ध केली. शरीराचा आकार आणि स्नायूंचे प्रमाण लक्षात घेतले तर वयाच्या विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो आणि साठीनंतर वर्षाला सुमारे ०.७ टक्के या गतीने उतरतो, असे त्यात दिसले. पंचेचाळिसाव्या वर्षी वाढलेल्या पोटाचा दोष भट्टीवर टाकण्याऐवजी कमी झालेली हालचाल, घटलेले स्नायू, अपुरी झोप आणि बदललेले ताट यांच्याकडे पाहावे लागते.

डाएटने चयापचय ‘कायमचा बिघडतो’ या म्हणण्यामागे मात्र एक खरा अभ्यास आहे आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या मंडळींचे सरासरी ४१ किलो वजन परत आले होते, आणि विश्रांतीच्या अवस्थेतला त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. बातम्या इथेच थांबल्या आणि संदेशही इथेच थांबतो. त्याच निबंधात पुढे असे आहे की ज्यांनी सहा वर्षांनी जास्त वजनघट राखली होती त्यांच्यातच हा मंदपणा अधिक आढळला. मंदावलेला चयापचय हेच वजन परत येण्याचे कारण असते तर हे चित्र उलटे दिसायला हवे होते. पुढच्या वर्षी याच स्पर्धकांवर आलेल्या दुसऱ्या निबंधात फरकाचे एक उत्तर मिळते : वजन राखणाऱ्यांची शारीरिक हालचाल मूळ पातळीपेक्षा सुमारे १६० टक्क्यांनी वाढलेली होती, तर वजन परत आलेल्यांची सुमारे ३४ टक्क्यांनी. चौदा माणसांवरून सिद्धान्त मांडू नये हे खरे, पण मग तो नियम संदेशालाही लागू होतो.

आता जे मान्य करायला हवे ते मान्य करू. वजन उतरल्यावर भूक वाढते, आणि ती मनाची चलबिचल नसते. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०११ साली दाखवले की वजन उतरवल्यानंतर वर्षभरानेसुद्धा भूक वाढवणारी आणि तृप्ती देणारी संप्रेरके पूर्वपदावर आलेली नसतात. शिवाय ब्याण्णव किलोच्या शरीराला जेवढे अन्न लागत होते तेवढे सत्तर किलोच्या शरीराला लागत नाही, हा साधा हिशेब आहे. त्यामुळे ‘वजन उतरले, आता पूर्वीसारखे जेवायला मोकळे’ असे ज्याने मानले त्याच्या बाबतीत संदेशाचे भाकीत खरे ठरण्याची शक्यता मोठी आहे. मुद्दा एवढाच, की वजन उतरवणे आणि उतरलेले वजन राखणे ही दोन वेगळी कामे आहेत; पहिल्याला काही महिने पुरतात, दुसऱ्याला मुदत नसते, आणि बहुतेक लोक दुसऱ्या कामाची काहीच तयारी न करता पहिले संपवतात. २०२५ च्या मार्च महिन्यात मोंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात आली, त्यांनाही हेच लागू आहे. सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोवीतले औषध, थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आल्याचे चाचणीत दिसले आहे.

चढउतार घातक म्हणून मुळात उतरवूच नये, हे तिसरे विधान थोडक्यात निकालात काढता येते. २०२३ साली १२४ चाचण्यांमधल्या ५० हजारांहून अधिक लोकांची आकडेवारी एकत्र तपासण्यात आली; त्यांचे सरासरी वय ५१ होते. वजन काही प्रमाणात परत आलेले असूनही रक्तदाब आणि रक्तातली साखर यांवरचा चांगला परिणाम किमान पाच वर्षे शिल्लक राहिल्याचे त्यात आढळले. भारतापुरते बोलायचे तर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाची २००६ सालची चाचणी अधिक बोलकी आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांपैकी ज्यांनी आहार आणि चालणे यांत बदल केला त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिले, आणि तेही वजन फारसे न उतरता. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ज्या ‘कृश पण चरबीयुक्त’ भारतीय शरीराबद्दल अनेक वर्षे सांगत आले आहेत त्याचाही रोख हाच आहे : काट्यावरच्या आकड्यापेक्षा पोटाचा घेर आणि स्नायूंचे प्रमाण आपल्या लोकांबाबत अधिक सांगून जाते. तेव्हा पाच किलो परत आले म्हणून सगळेच पाण्यात गेले, असे समजण्याचे कारण नाही.

गुडघ्यांचा मुद्दा मला सर्वांत अपायकारक वाटतो, कारण तो ऐकून लोक खरोखरच थांबतात. जादा वजन आणि गुडघ्यांची झीज दोन्ही असलेल्या वयस्कर लोकांवरच्या २००५ सालच्या अमेरिकी अभ्यासात असे दिसले की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे गुडघ्यावरचा भार दर पावलाला चार किलोने कमी होतो. धावण्याबाबतचा २०१७ सालचा आढावा सांगतो की हौसेखातर धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज होती, तर बैठे आयुष्य जगणाऱ्यांत ती १०.२ टक्के होती. स्पर्धात्मक धावपटूंत मात्र १३.३ टक्के. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावतात, असा आक्षेप इथे घेता येईल आणि तो रास्त आहे. तरीही ‘व्यायामाने गुडघे जातात’ हे विधान या आकड्यांतून निघत नाही. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांनी मात्र धावण्याच्या फंदात न पडता फिजिओथेरपिस्टकडून मांडीचे व्यायाम शिकून घ्यावेत.

चालण्यापुरतेच थांबा, या सल्ल्यात खरी गोम आहे. केवळ आहार कमी करून वजन उतरवले तर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीव्यतिरिक्त असतो आणि त्यात स्नायूही असतात. चाळिशीनंतर स्नायू तसेही घटत असतात. वजन परत येते तेव्हा चरबी आधी भरून येते, स्नायू आपोआप येत नाहीत. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितला आहे. ‘या वयात कुठे डंबेल्स’ म्हणणाऱ्यांसाठी १९९० सालचा एक प्रयोग आहे : मारिया फियातारोन यांनी ८६ ते ९६ वयाच्या, शुश्रूषागृहात राहणाऱ्या वृद्धांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत जे जमले ते बावन्नाव्या वर्षी जमायला हरकत नसावी. सुरुवात जिममध्येच झाली पाहिजे असेही नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला टेकून दंड, पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून जिना चढणे, एवढ्यावर पहिले दोन महिने निघतात. पुढे बाटल्या वाढवायच्या.

स्नायू टिकवायचे तर ताटाकडेही पाहावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६५ किलोच्या व्यक्तीला साधारण ५४ ग्रॅम. सकाळी पोहे, दोन्ही वेळा दोन पोळ्या, भाजी, थोडा भात आणि ज्यात डाळ शोधावी लागते असे पातळ वरण, या ताटाची बेरीज पस्तीस-चाळीसच्या पुढे मुश्किलीने जाते. त्यात वजन उतरवण्यासाठी पोळ्या निम्म्या केल्या की आकडा आणखी घसरतो. प्रथिनांच्या पावडरीचे महागडे डबे आणण्याआधी वरण घट्ट करावे, मटकीची उसळ ताटाच्या कडेवरून मध्यावर आणावी, पिठले करावे, चालत असेल तर दोन अंडी किंवा मासळीचा तुकडा घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावे.

राहिला जन्मजात जिद्दीचा मुद्दा. अमेरिकेत १९९४ पासून वजन राखणाऱ्यांची एक राष्ट्रीय नोंदवही चालवली जाते. किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर राखलेल्यांनाच तिच्यात नाव घालता येते आणि दहा हजारांहून अधिक लोक तिच्यात आहेत. आपणहून आलेल्यांची ही यादी असल्यामुळे तिच्यावरून यशाची टक्केवारी काढता येत नाही, पण यशस्वी लोक काय करतात ते कळते : बहुतेक जण दिवसाला सुमारे तासभर व्यायाम करतात, तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून किमान एकदा वजन करतात, बरेच जण रोज न्याहारी घेतात आणि टीव्ही कमी पाहतात. यांत अचाट असे काहीच नाही. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला अडीचशेहून अधिक, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने काही बिघडले नाही.

जिद्द खचते ती बहुधा वेगळ्याच कारणांनी. वजन उतरत असते तेव्हा काटा दर आठवड्याला शाबासकी देतो. ते स्थिर झाले की काटा गप्प होतो आणि त्याच सुमारास नातेवाईक बोलू लागतात. पन्नाशीत बारीक झालेल्या माणसाला आपल्याकडे ‘तब्येत बरी आहे ना?’, ‘शुगर निघाली का?’, ‘गाल किती बसलेत, आता पुरे’ हे दर लग्नकार्यात ऐकावे लागते. ब्लाउज आटवताना शिंपी शिवणीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवतो, कारण वजन परत येणार याची त्यालाही खात्री असते. (प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर मात्र काकूंची शंका योग्य आहे, तपासणी करावीच.) अशा वेळी काट्याच्या जागी दुसरे मोजमाप हवे : न थांबता चढता येणारे मजले, जमिनीवरून हात न टेकता उठणे, पुढच्या हिवाळ्यातला एखादा गड, तिमाही रक्ततपासणीचा कागद. पावसाळ्यात सकाळचे फिरणे बंद पडते आणि नवरात्रापर्यंत ते सुरूच होत नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. म्हणून जूनच्या आधीच सोसायटीचा जिना किंवा पार्किंगमधली फेरी ठरवून ठेवलेली बरी.

काट्याचा उपयोग मग एवढाच उरतो, की त्याने वेळेवर इशारा द्यावा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सरासरी १९ किलो उतरवलेल्या ३१४ लोकांपैकी काहींना रोज वजन करून ते हिरव्या, पिवळ्या किंवा लाल पट्ट्यात बसवायला शिकवले. लाल पट्टा, म्हणजे सव्वादोन किलोंची वाढ, लागला की वजन उतरवतानाचे जुने वेळापत्रक पुन्हा सुरू करायचे. दीड वर्षानंतर नुसती माहितीपत्रके मिळालेल्या गटातल्या ७२ टक्के लोकांचे वजन सव्वादोन किलोंनी किंवा अधिक वाढले होते, तर प्रत्यक्ष भेटींच्या गटात हे प्रमाण ४६ टक्के होते. मीठ, पाणी आणि आदल्या रात्रीचे जेवण यांमुळे वजन रोज किलोभर इकडेतिकडे होतेच, तेव्हा एका सकाळच्या आकड्याने घाबरू नये. आठवड्याची सरासरी पाहावी. आपला लाल आकडा मात्र दिवाळीच्या आधी ठरवून कपाटाच्या दारावर लिहून ठेवावा, कारण फराळाचे डबे उघडल्यानंतर तो ठरवायला बसले तर तो हमखास दोन किलो वर सरकतो.