लटकलेला प्रोग्राम दिसला की आधी मारून टाका

गेल्या शनिवारी रात्री साडेदहाला मी इंदूरच्या सराफ्यात होतो. सासूबाई पुण्याहून आलेल्या, त्यांना भुट्ट्याचा कीस खायचा होता, आणि प्लेट नुकतीच हातात आली होती. फोन वाजला, ऑफिसातल्या ज्युनियरचा. "दादा, बिलिंग लटकलं." मी म्हटलं, हात लावू नकोस, घरी पोचून लॅपटॉप उघडतो. पलीकडे अर्धा मिनिट खटखट ऐकू आली आणि मग विजयी आवाज: "दादा, रिस्टार्ट मारून दिला! चालू झालं!"

दोन महिन्यांतली ही तिसरी वेळ. आता विरोध करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा लटकलेला प्रोग्राम आतून न बघताच मारून टाकण्याच्या या शास्त्राचे नियम लिहून काढावेत, होतकरू मंडळींना उपयोगी पडतील, असं ठरवलं.

रजिस्टर हा शब्द कानावर आला तर हजेरीचं समजा आणि पुढे चला. प्रोसेसरमध्येही रजिस्टरं म्हणजे छोटे खण असतात, प्रोग्राम या क्षणी नेमकं काय करतो आहे ते त्यांत असतं, वगैरे गोष्टी परीक्षेपुरत्या होत्या. त्या पेपरात तुम्हाला चांगले मार्क पडले होते. मला माहीत आहे, मुलाखत मीच घेतली होती.

तरीही कोणी म्हणालाच, की चालत्या प्रोग्रामची रजिस्टरं डीबगरमधून, म्हणजे प्रोग्राम थांबवून आत डोकावायच्या साधनातून, बघू या, तर ते अशक्य आहे म्हणून सांगा. युक्तिवाद तयार ठेवा. प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी सूचना चालवतो, त्यामुळे आकडा वाचेपर्यंत बदललेला असणार. शिवाय डीबगरही त्याच प्रोसेसरवर चालतो, म्हणजे त्याला स्वतःचीच रजिस्टरं दिसणार. ऐकणारा गप्प बसेल. युक्तिवादात दम आहेच, फक्त ज्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमा लिहिल्या त्यांना तो तुमच्या आधी सुचला होता.

सराफ्याचंच बघा की. सराफ संध्याकाळी माल तिजोरीत ठेवून शटर ओढतो आणि त्याच्याच ओट्यासमोर रात्री जलेब्याची कढई चढते. जागा एकच, धंदे दोन. रात्री अकराला सराफाचा माल मोजायचा असेल तर ओटा चाचपून काय मिळणार? हाताला पाक चिकटेल. ज्याच्याकडे तिजोरीची किल्ली आहे त्याला गाठायला हवं. प्रोसेसरचा कोर हा तो ओटा, आणि किल्ली कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे. थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक धागा, कर्नलमध्ये शिरला, मग तो सिस्टिम कॉलमुळे (कर्नलकडे काही काम मागितल्यामुळे) असो की टायमरच्या टिचकीमुळे, की त्याच्या रजिस्टरांतला ऐवज कर्नल आपल्याकडच्या स्टॅकवर उतरवून ठेवतो. नंतर कोरवर दुसरं कोणीही येऊन बसो. लिनक्सवर डीबगर पीट्रेस नावाच्या सिस्टिम कॉलने कर्नलला सांगतो, हा थ्रेड थांबव. थांबल्याची वर्दी वेटपिड या दुसऱ्या कॉलमधून येते. मग दुसरी विनंती: याची रजिस्टरं दे. कर्नल ती ठेवलेली प्रत काढून हातात देतो. थ्रेड थांबलेला, त्यामुळे आकडे हलत नाहीत. प्रोसेसरच्या आत कोणी डोळा लावत नाही, जादू नाही, मंत्र नाही. ६४ बिटी इंटेल-एएमडीवर अशी हातात आलेली प्रत म्हणजे २७ खण, प्रत्येकी ८ बाइट.

एकूण २१६ बाइट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

(६४ बिटी आर्म प्रोसेसरवर रजिस्टरं मागायची ही जुनी विनंती चालत नाही, तिथे रजिस्टरांचा संच मागणारी नवी वापरावी लागते. पण तुम्ही तिथवर पोचणारच नाही, तेव्हा काळजी नको.)

डीबगर जोडताना परवानगी नाकारली गेली तर कारण वाचू नका. उबुंटूवर यामा या सुरक्षा मॉड्यूलची एक सेटिंग असते, ती १ वर असली की आपण स्वतः सुरू न केलेल्या प्रोसेसला, म्हणजे चालत्या प्रोग्रामला, साध्या वापरकर्त्याने हात लावायचा नाही. ती कायमची ० करा, सगळ्या सर्व्हरांवर, आणि कोणाला सांगू नका.

एकाने एसट्रेस (सिस्टिम कॉल टिपणारं साधन) लावून ठेवलेल्या प्रोसेसला दुसऱ्याने जीडीबी हा डीबगर लावावा. एका वेळी एकच जोडला जातो, हे दोघांनी मिळून शोधावं. दोन तास छान जातात.

चालत्या सर्व्हरवर ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम जिथे थांबेल ती खूण, लावून पोहे खायला जा.

ब्रेकपॉइंटवरून आठवलं. डीबगर त्या जागेचा मूळ बाइट बाजूला काढतो आणि तिथे हेक्साडेसिमल सीसी हा एक बाइट ठेवतो. प्रोसेसर त्यावर ठेचकाळला की आरआयपी (पुढची सूचना कुठे आहे ते सांगणारं रजिस्टर) एक घर पुढे गेलेला असतो, म्हणून डीबगर त्यातून एक वजा करतो, मूळ बाइट परत ठेवतो आणि एक पाऊल चालवून पुन्हा सीसी बसवतो. तुम्ही स्वतःचा छोटा डीबगर लिहायला घेतलात तर ते एक वजा करायला जरूर विसरा. प्रोग्राम त्याच सूचनेच्या पोटात मधूनच शिरून असा काही बरळतो, की संध्याकाळची करमणूक होते. (खरं तर प्रत्येकाने एकदा हे लिहून बघावं. दोनशे ओळींचं काम आहे. हे मी उपरोधाने म्हणत नाही.)

व्हेरिएबलच्या जागी ऑप्टिमाइझ्ड आउट, म्हणजे कंपायलरने गाळलं, असं दिसलं की कंपायलरला शिव्या द्या.

कॉल करणाऱ्या फंक्शनच्या फ्रेममध्ये गेल्यावर दिसणारी रजिस्टरंही कर्नलने दिली असं समजा. ती डीबगरने स्टॅकवरच्या जतन केलेल्या किमती आणि ड्वार्फची (कंपायलरने डीबगरसाठी लिहून ठेवलेली) माहिती जुळवून मांडलेली असतात, पण एवढ्या खोलात कोण जातो.

आता मुख्य कला. प्रोग्राम लटकला की किल मायनस नाइन, सक्तीने मारायची आज्ञा. विचार करायचा नाही. विचार केला तर हात थरथरतो. समोर एक जिवंत प्रोसेस आहे, जी गेला दीड तास एकाच जागी अडकून बसली आहे, म्हणजे गुन्हा घडला तिथेच गुन्हेगार, मुद्देमाल आणि साक्षीदार तिघेही हात बांधून बसलेत, तुमची वाट बघत. अशा वेळी खोलीला आग लावायची. मग जळालेल्या खोलीत लॉग शोधायचे. लॉगमध्ये शेवटची ओळ काय होती, सांगू? "बिल क्रमांक घेतला." बस. आपण इंदूरकर, २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबराची मिरवणूक काढणारे, कचरागाडी आली की ओला वेगळा, सुका वेगळा. आणि लॉगमध्ये मात्र सगळा एकाच डब्यात.

दहा मिनिटांत काय दिसलं असतं ते तरी ऐका. जीडीबी जोडायचा. सगळ्या थ्रेडांचा बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनातून कुठे पोचला त्याची यादी, काढायचा, कारण रजिस्टरं थ्रेडगणिक वेगळी असतात, प्रोसेसची म्हणून एकच नसतात. मग अडकलेल्या थ्रेडवर जाऊन इन्फो रजिस्टर्स ही आज्ञा. आरएएक्स या रजिस्टरात वजा ५१२ दिसलं असतं. मागे एकदा तुम्ही ते बघून "दादा, मेमरी करप्ट आहे" म्हणून आख्खी इमारत जागी केली होती. करप्ट नाही रे. थ्रेड झोपला होता, डीबगरने त्याला हलवलं, आणि हा कॉल पुन्हा सुरू करायचा आहे अशी कर्नलने स्वतःसाठी करून ठेवलेली ती खूण आहे. खरी बातमी शेजारच्या ओरिग-आरएएक्समध्ये, तिथे सिस्टिम कॉलचा मूळ क्रमांक असतो. तिथे २०२. म्हणजे फ्युटेक्स, थ्रेडला वाट बघत झोपवणारा सिस्टिम कॉल. म्हणजे कशाची तरी वाट बघतोय. रिकामे बसलेले थ्रेडही त्याच २०२ वर झोपतात, म्हणून बॅकट्रेस सोबत ठेवायचा, पण बॅकट्रेसमध्ये म्युटेक्स-लॉक (म्युटेक्स म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) दिसलं की विषय संपला. आरडीआय रजिस्टरात त्या कुलपाचा पत्ता. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या म्युटेक्सात पत्त्याच्या ८ बाइट पुढे बघायचं, कुलूप ज्याने धरलंय त्या थ्रेडचा क्रमांक तिथे लिहिलेला असतो. लिहिलेला! नाव-गाव-पत्त्यासकट चोर! त्या थ्रेडवर जा, तो कोणत्या कुलपाची वाट बघतोय ते बघा, आणि ते कुलूप पहिल्याने धरलं असेल तर दोघे एकमेकांच्या दाराशी "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत उभे आहेत हे शेंबड्या पोरालाही कळेल.

असेल, म्हणतोय. कारण ते तसंच होतं की नाही हे मला आजही माहीत नाही. तीनदा संधी आली आणि तीनदा कोणीतरी माझ्या आधी पोचलं.

बरं, ग्राहक ओरडत होता, घाऊक व्यापाऱ्याची बिलं अडली होती, दहा मिनिटंही नव्हती. मान्य. मग जीकोर नावाची एक आज्ञा आहे. तिला प्रोसेसचा क्रमांक द्यायचा. ती प्रोसेस थांबवते, आख्ख्या मेमरीची आणि प्रत्येक थ्रेडच्या रजिस्टरांची फाइल करते आणि प्रोसेस तशीच जिवंत सोडते. मेमरी मोठी असेल तर थोडा वेळ जातो. त्यानंतर मारा की रिस्टार्ट, घाला गोंधळ, मी मध्ये येणार नाही. सोमवारी चहा पीत पीत ती फाइल उघडू. ही आज्ञा सर्व्हरशेजारच्या भिंतीवर चिकटवली आहे. ठळक अक्षरात. तिच्यावर कोणीतरी क्रिकेटचं वेळापत्रक लावलंय.

सोमवारी अहवाल आला. कारण या रकान्यात लिहिलं होतं: "रिस्टार्ट केल्यावर समस्या सुटली."

हे कारण आहे का? माणूस चक्कर येऊन पडला, पाणी मारलं, उठला, तर चक्कर कशाने आली याचं उत्तर "पाणी मारलं" असतं का? आणि वर त्या ओळीखाली मॅनेजरसाहेबांचं "उत्तम, झटपट प्रतिसाद" असं शाबासकीचं वाक्य. झटपट! दोन महिन्यांत तीनदा झटपट! एकदा शोधलं असतं तर उरलेल्या दोन वेळा आलीच नसती, ही बेरीज त्या कचेरीत कोणाला जमत नाही आणि आपण व्यापाऱ्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर विकतो.

तुम्हाला येत नाही म्हणून मी रागावलेलो नाही. मलाही कोणीतरी शेजारी बसवूनच शिकवलं. जीडीबी १९८६ पासून आहे, तुमच्या जन्माच्या आधीपासून, फुकट आहे, तुमच्या मशीनवर आहे. मी तीनदा म्हटलं, शनिवारी दुपारी या, पोहे माझ्याकडून, दोन तासांत दाखवतो. एक आला. तोही पोहे संपल्यावर गेला. येत नसेल तर फोन ठेवून दहा मिनिटं हात खिशात घालून बसा, एवढंच सांगितलं होतं. २१६ बाइट होते हो. प्रत्येक थ्रेडचे २१६ बाइट, आणि तेवढेही तुम्ही शिल्लक ठेवले नाहीत.

पुढच्या वेळी फोन आला की मी एकच विचारणार, प्रोसेस जिवंत आहे का. "नाही" म्हणालात तर फोन ठेवून देईन. परवाचा कीस गार झाला आणि सासूबाई अजून बोलून दाखवतात.