पत्रकं वाटायची हौस: एका प्रतिक्रियेला उत्तर

२०१४ च्या स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात मी ‘हो’च्या बाजूने दारोदार पत्रकं वाटली. त्या ग्लासगोच्या दिवसांवर लिहिलेल्या माझ्या लेखाखाली पुण्याच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. नाव दिलेलं नाही, ‘एक जुना वाचक’ एवढंच. दोन ओळींत आभार मानून विषय मिटवायचा असं ठरवलं होतं. पण दोन रात्री कूस बदलण्यात गेल्या, म्हणून आता सविस्तर लिहिते.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते:

“ताई, लेख ओघवता आहे, पण जरा वाचन वाढवा. १९७९ चं सार्वमत फेब्रुवारीत नव्हतं, १ मार्चला होतं. १७०७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने विलीनीकरणाला स्वतःच मान्यता दिली. ती वसाहत नव्हती. उलट एल्फिन्स्टन काय, ग्रँट डफ काय, हे सगळे स्कॉटच. ज्यांनी पेशवाई बुडवली त्यांच्या पणतवंडांच्या स्वयंनिर्णयासाठी मराठी बाई दारोदार फिरते याची गंमत वाटते. चलनाचा प्रश्न तुम्ही सोयीस्कर टाळलात. ५५ टक्के लोकांनी नाही म्हटलं, तिथे विषय संपला. नवऱ्याच्या नोकरीमुळे परक्या देशात गेल्यावर वेळ घालवायला काहीतरी लागतं हे समजू शकतो. पण पत्रकं वाटायची हौस भागवली, त्याला ‘लोकचळवळ’ म्हणू नये.”

आधी चूक कबूल करते. तारीख १ मार्चच. फेब्रुवारी हे माझ्या डोक्यात कुठून आलं देव जाणे. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल मनापासून आभार. खरं तर ती तारीख मी विसरायलाच नको होती. आमच्या गटात सत्तरीचा एक गृहस्थ होता, तो दर बैठकीत १९७९ ची जखम उघडून बसायचा. त्या वेळी प्रश्न स्वातंत्र्याचा नव्हता, एडिंबरात एक विधानसभा असावी की नाही एवढाच होता. ५१.६ टक्के मतं ‘हो’ला पडली, तरी हरले. का, तर जॉर्ज कनिंगहॅम या खासदाराने कायद्यात दुरुस्ती घुसवली होती की ‘हो’ची मतं एकूण नोंदलेल्या मतदारांच्या ४० टक्के तरी हवीत. भरली ३२.९ टक्के. जो मतदानाला आला नाही तो ‘नाही’त जमा. जो मेला पण यादीत राहिला, तोही ‘नाही’त जमा, असं लोक म्हणायचे. “माझ्या आईने मेल्यावर मत दिलं, आणि तेही माझ्या विरोधात,” असं हा गृहस्थ सांगायचा आणि स्वतःच हसायचा. तर असो. मार्च. मान्य.

आता ‘ताई’. ताई म्हणून हाक मारायची आणि पुढच्याच वाक्यात वाचन वाढवायला सांगायचं, हे शालजोडीतलं मला कळतं. सांगलीची आहे, पुण्याचे टोमणे लहानपणापासून ऐकत आले आहे. माझ्या जागी एखादा निवृत्त प्राध्यापक असता आणि त्याची तारीख चुकली असती, तर “सर, एक छोटीशी नोंद” अशी सुरुवात झाली असती की नाही, ते आपण आपल्या मनाशी ठरवावं. ‘नवऱ्याच्या नोकरीमुळे’ हे तर आपण कुठून काढलंत? लेखात तसा शब्द नाही. आम्ही दोघं २०१० मध्ये गेलो, दोघांनाही नोकऱ्या होत्या, आणि आधी लागली होती ती माझी. शिवाय माझ्या नवऱ्याने सार्वमतात ‘नाही’ला मत दिलं. त्याला चळवळीत ओढायचे माझे सगळे प्रयत्न फसले. ग्लासगोतल्या डेनिस्टनच्या आमच्या खिडकीत दोन काचा होत्या, एकीवर माझा ‘हो’चा निळा कागद आणि दुसरीवर त्याने मुद्दाम लावलेला किराणा दुकानाच्या सवलतीचा. संसार व्यवस्थित चालू आहे.

खरं तर मला बोलायचं आहे ते ‘हौस’ या शब्दाबद्दल. पत्रकं वाटायची हौस. आपण कधी वाटली आहेत का हो? मी सांगते कशी वाटतात. ग्लासगोच्या पूर्वेच्या टोकाला ईस्टरहाउस आहे. १९५० च्या दशकात शहरातल्या चाळी रिकाम्या करून माणसं तिथे नेऊन ठेवली. घरं दिली, पण दुकानं द्यायला कित्येक वर्षं लावली. तीन-तीन मजली इमारती, प्रत्येकीचा एक सामायिक जिना, त्याला तिथे ‘क्लोज’ म्हणतात. खाली बझर. दहा बटणं दाबली की एखादा उघडतो. मग वरच्या मजल्यापासून खाली यायचं, कारण उलट केलं तर तिसऱ्या मजल्यापर्यंत पायात जीव राहत नाही. हातात पुठ्ठा, त्यावर मतदारयादीचं पान. लिहायला पेन्सिल, कारण पाऊस असतोच आणि ओल्या कागदावर पेन चालत नाही. विचारायचं एकच: १ ते १० मध्ये तुम्ही कुठे? १ म्हणजे पक्कं ‘नाही’, १० म्हणजे पक्कं ‘हो’. पाचवाल्या माणसाजवळ थांबायचं, एकवाल्याचे आभार मानून निघायचं. आणि माझ्या पिशवीत एक लाकडी उलथनं असायचं. हसू नका. तिथे पत्राची फट दाराच्या मधोमध असते, आणि फटीच्या पलीकडे कुत्रा आहे की नाही हे बोट आत गेल्यावरच कळतं. पहिल्याच आठवड्यात कळलं. मग स्वयंपाकघरातलं उलथनं उचललं, पत्रक त्यावर ठेवून आत ढकलायचं. ते उलथनं अजून आहे, त्याच्या टोकावर दातांच्या खुणा आहेत.

२०१४ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी अशाच एका क्लोजमध्ये दार साखळीएवढंच उघडलं. आत साठीच्या आसपासचा माणूस, अंगात बनियन, मागे टीव्ही मोठ्याने. मी माझं वाक्य म्हटलं. तो म्हणाला, “माझं नाव तुमच्या यादीत नाही.” खरंच नव्हतं. त्या घरात मतदार शून्य. मी विचारलं का, तर म्हणाला, “नाव दिलं की ते परत येतील.” ते म्हणजे कोण, हे कळायला मला दहा मिनिटं लागली. थॅचरबाईंनी १९८९ मध्ये डोईपट्टी आणली, आणि ती आधी स्कॉटलंडमध्ये लावली. इंग्लंड-वेल्समध्ये एक वर्षानंतर. माणशी कर, श्रीमंताला आणि बेकाराला जवळपास सारखाच हिशेब. वसुलीच्या नोटिशीपासून वाचण्यासाठी हजारो लोकांनी मतदारयादीतून स्वतःला गाळून घेतलं. हा त्यांतला. पंचवीस वर्षं त्याने मत दिलं नव्हतं. साखळी निघाली, मी जिन्यातच पायरीवर बसून त्याचा अर्ज भरला. २ सप्टेंबर ही नोंदणीची शेवटची तारीख होती. सही करताना त्याचा हात थांबला. मी गप्प बसले. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, जनगणनेला मी तिच्याबरोबर वाड्यावस्त्यांवर फिरलेली आहे. समोरचा माणूस कागदाकडे बघत असेल तेव्हा आपण बोलायचं नसतं, हे तिच्याकडून शिकले. त्याने सही केली. “थँक्स, हेन,” म्हणाला. हेन म्हणजे आपल्याकडच्या ‘बाय’सारखं. आपल्या ‘ताई’पेक्षा ते मला जास्त आवडलं, हे सांगायला नको.

त्याची भीती खुळी नव्हती बरं. सार्वमत संपल्यावर काही पालिकांनी खरंच बोलून दाखवलं, की आता नावं परत यादीत आली आहेत तर जुनी थकबाकी वसूल करू. त्यावर एडिंबरातल्या सरकारला २०१५ मध्ये कायदा करून ती थकबाकी कायमची बुडीत करावी लागली.

१८ सप्टेंबरला मी शाळेतल्या मतदान केंद्राच्या बाहेर सकाळी ७ ला उभी होते. दुपारी तो आला. कोट घालून. त्याने ‘हो’ला मत दिलं की ‘नाही’ला, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. हे माझं लोकचळवळ म्हणण्याचं कारण. २०११ मध्ये तिथल्या संसदेच्या निवडणुकीला ५०.४ टक्के मतदान झालं होतं, सार्वमताला ८४.६ झालं. ही वाढ लंडनच्या कुठल्या नेत्याच्या भाषणाने झाली नाही, आणि माफ करा, एडिंबरातल्याही नाही. ती क्लोजमधून झाली, आणि त्यात ‘नाही’च्या बाजूने फिरणारे लोकही होते, त्यांचे गुडघेही माझ्याइतकेच दुखत होते. ग्लासगोत ७५ टक्केच झालं, सगळ्या ३२ विभागांत सर्वांत कमी, असं आपण पुढे म्हणालच, म्हणून मीच सांगते. आपल्याकडे महापालिकेला किती होतं, ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

हौस म्हणे. एडिंबराच्या कॅल्टन हिलवर १९९२ च्या एप्रिलपासून लोक एका टपरीवजा खोलीत आळीपाळीने बसून राहिले, स्कॉटलंडची संसद मिळेपर्यंत उठणार नाही म्हणून. रात्री शेकोटी, दिवसा सह्या. १,९८० दिवस. ११ सप्टेंबर १९९७ ला सार्वमतात ७४.३ टक्के ‘हो’ आलं, तेव्हा उठले. त्या टेकडीवर डिसेंबरात अर्धा तास उभं राहून दाखवा, मग आपण हौसेवर बोलू.

‘परका देश’ या शब्दाचंही उत्तर देणं आहे, आणि ते सोपं आहे. मतदारयादीत माझं नाव होतं. तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना त्या सार्वमतात मत होतं, युरोपीय संघातल्यांना होतं, १६ वर्षांच्या पोरांना होतं. लंडनला जाऊन स्थायिक झालेल्या अस्सल ग्लासगोकराला नव्हतं. सांगलीच्या बाईला होतं. हे नियम मी केले नाहीत. बशीर अहमद नावाचे गृहस्थ होते, जन्म अमृतसरचा, फाळणीत पाकिस्तानात गेले, १९६१ मध्ये ग्लासगोला आले, बसवर कंडक्टर झाले, मग दुकान. २००७ मध्ये ते स्कॉटलंडच्या संसदेतले पहिले आशियाई सदस्य झाले. तुम्ही कुठून आलात याला महत्त्व नाही, आपण मिळून कुठे चाललो आहोत याला आहे, असं ते म्हणायचे. त्यांनीही वेळच घालवला म्हणायचा का?

एकाच दारावर मला “आधी तुझ्या देशात जा” असं ऐकायला मिळालं. चार वर्षांत एकाच. आपण दुसरे.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. स्कॉटलंड वसाहत होती असं मी लिहिलेलंच नाही, लेखात तो शब्द शोधून दाखवा. एल्फिन्स्टन आणि ग्रँट डफ स्कॉट होते, हो, होते. ग्लासगोत जमैका स्ट्रीट आहे, डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागावर चालल्या, साम्राज्याचा फायदा त्यांनाही झाला, हे तिथल्या लोकांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एल्फिन्स्टन डंबार्टनकडचा, त्याच वेस्ट डनबार्टनशरने २०१४ मध्ये ५४ टक्के ‘हो’ म्हटलं. यातून काय सिद्ध होतं? माझ्या मते काहीच नाही. डोईपट्टीला घाबरलेल्या त्या माणसाच्या खात्यावर शनिवारवाड्याचं देणं मांडायचं असेल तर आपण खुशाल मांडा. या विषयावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. स्वतंत्र झाल्यावर स्कॉटलंडचं चलन कोणतं, या प्रश्नावरही लिहीन. सार्वमतानंतर स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टी हा पक्ष लंडनच्या संसदेत ५६ जागांवर गेला आणि २०२४ मध्ये ९ वर आला हेही कुणीतरी लिहिणारच आहे, पण पक्ष म्हणजे चळवळ नाही, आणि मी पक्षाची सदस्य कधीच नव्हते.

‘विषय संपला’ म्हणालात. तसं असतं तर २०२२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या सर्वोच्च न्यायालयाला पाच न्यायाधीश बसवून निकाल द्यावा लागला नसता, की दुसरं सार्वमत घ्यायचा अधिकार एडिंबराला नाही. निकाल आमच्या विरुद्ध गेला, एकमताने गेला. पण संपलेल्या विषयावर कुणी निकाल देत नाही.

आपली दुसरी प्रतिक्रिया, रात्री पावणेबाराला पाठवलेली, जिच्यात माझ्या नवऱ्याबद्दल आणखी काही आहे, ती मी प्रकाशित केलेली नाही. त्याला मात्र वाचून दाखवली. तो म्हणाला, चलनाबद्दल या गृहस्थांचं बरोबर आहे.