उसाच्या फडासाठी कोणत्या बोअरची रायफल : एका नाराज ग्राहकास जाहीर उत्तर

महोदय,

आपण आमच्या बंदुकांच्या दुकानाला जाहीर अभिप्रायात एक तारा देऊन जे लिहिले आहे, ते मी पूर्ण वाचले. आपले म्हणणे थोडक्यात असे : खानापूर तालुक्यात जंगलाला लागून असलेल्या आपल्या ऊस-भाताच्या शेतात रानडुकरांचा उपद्रव आहे, आजोबांकडून वारसाने आलेल्या .३१५ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे माप) रायफलीला नवी नळी बसवून ती ६.५ क्रीडमूर या वेगवान काडतुसासाठी, आणि ते जमत नसेल तर .३०८ या काडतुसासाठी बांधून द्यावी, अशी मागणी आपण केली; आम्ही दोन्हींना नकार दिला, ‘पडून राहिलेली दुनळी गळ्यात मारण्याचा’ प्रयत्न केला आणि वर पोलिसांसारखी कागदपत्रे मागितली. कोणाच्या परवान्याविषयी आम्ही चारचौघांत बोलत नाही. पण हा तपशील आपण स्वतःच जाहीर केला आहे, आणि हाच प्रश्न घेऊन जांबोटी, नंदगड, कणकुंबी आणि पलीकडे चंदगडपर्यंतचे शेतकरी आमच्याकडे येत असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम .३०८ विषयी. सैन्याचे ७.६२ मिमीचे काडतूस ज्या रायफलीच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतुसासाठी कोरलेल्या जागेत) बसते आणि उडते, ती रायफल आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडते, आणि .३०८ विंचेस्टर हे त्याच ५१ मिमी लांबीच्या काडतुसाचे नागरी रूप आहे. अशा हत्यारासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या परवान्यावर ते घेता येत नाही. ‘मग .३०-०६ कशी चालते, तिच्या गोळीचा व्यास तर तोच आहे’ हा आपला प्रश्न रास्त आहे. व्यास खरोखरच तोच आहे, पण .३०-०६ चे काडतूस ६३ मिमी लांब असते आणि तिचे चेंबर त्याच मापाने कोरलेले असते. कायदा गोळीची जाडी पाहत नाही, चेंबरमध्ये कोणते काडतूस जाते ते पाहतो. इच्छापूरच्या सरकारी कारखान्याने .३१५ प्रमाणेच .३०-०६ ची स्पोर्टिंग रायफलही नागरी परवानाधारकांसाठी बनवली, ती याच कारणाने.

६.५ क्रीडमूर मात्र निषिद्ध बोअरमध्ये मोडत नाही. तिथे माझा नकार हत्यार पाहून होता. आपली रायफल काउंटरवर ठेवून मी बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, बाहेर काढला आणि डमी काडतूस आपल्या हातात दिले होते, ते आपल्याला आठवत असेल. .३१५ च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ती नळीच्या मागच्या तोंडावर टेकते आणि काडतूस तेवढ्यावर नेमके अडते. क्रीडमूरला अशी कड नसते, ते स्वतःच्या खांद्यावर, म्हणजे जिथे काडतूस गोळीकडे निमुळते होते तिथे, टेकते. म्हणजे नुसती नळी बदलून भागत नाही. बोल्टचे तोंड, काडतूस ओढणारा आकडा आणि मॅगझिन हे सगळेच बदलावे लागते आणि बोल्ट व काडतूस यांमधील अंतर केसाच्या फरकाने नव्याने जुळवावे लागते. त्यात क्रीडमूरचा कमाल दाब प्रति चौरस इंच ६२,००० पौंडांपर्यंत ठरवलेला आहे, आणि आपल्या रायफलीचा बोल्ट पुढे चेंबरजवळ नव्हे, मागच्या बाजूला अडकतो. मूळ काडतुसासाठी तपासून शिक्का मारलेल्या त्या जुन्या पोलादावर हा दाब रोज झेलण्याची जबाबदारी मी टाकणार नाही, कारण बोल्टच्या मागे आपला डोळा असतो.

शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार हत्याराचे रूपांतर करणे हे विक्री-दुरुस्तीइतकेच परवान्याचे काम आहे, आणि असे हत्यार अधिकृत चाचणीतून जावे लागते. आमचा परवाना विक्री व दुरुस्तीचा आहे. समजा हे सारे कोणी करून दिलेच, तरी काडतुसे कुठून आणणार? क्रीडमूर २००७ साली अमेरिकेत आले. आमच्याकडे येणाऱ्या पुरवठ्यात ते नाही, आणि घरी काडतुसे भरणे हा विनापरवाना उत्पादनाचा गुन्हा आहे. चार काडतुसांसाठी दारोदार फिरावे लागणारी रायफल फडाच्या काय कामाची?

आता मुख्य मुद्दा, म्हणजे अंतर. आपण ५०० मीटरवर सरळ जाणाऱ्या गोळीचे तक्ते दाखवले. ते तक्ते बरोबर आहेत, पण ते मोकळ्या माळासाठी आणि डोंगरउतारासाठी आहेत. आपल्या भागात डुक्कर उसातून बाहेर पडते ते रात्री, बांधावर किंवा पाटाच्या कडेला, आणि माचाणावरच्या माणसाला ते दिसते वीस-तीस पावलांवर. फार तर भाताच्या कापलेल्या खाचरात पन्नास-साठ पावलांवर. .३१५ ची गोळी सुमारे २४४ ग्रेन, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम वजनाची, जाड आणि तुलनेने संथ असते. क्रीडमूरची १४० ग्रेनची गोळी हलकी आणि कितीतरी वेगवान. दोन्ही रायफली ७५ मीटरला जुळवल्या, तर १०० मीटरपर्यंत त्यांच्या गोळ्यांच्या उंचीत दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडत नाही. वेगाचा खरा फायदा सुरू होतो तो दीडशे-दोनशे मीटरच्या पुढे, आणि तिथे आपल्याला ऊस दिसतो, डुक्कर नाही.

उलट तोटा मात्र पहिल्या पावलापासून आहे. रायफलीची गोळी चुकली, किंवा डुकराच्या आरपार गेली, तर ती तीन किलोमीटरहूनही पुढे जाऊ शकते. आपल्या शेतापासून तेवढ्या टप्प्यात किती वाड्या, किती गवळीवाडे आणि पहाटे दूध घेऊन निघणारी किती माणसे असतात, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. साधी .२२ ची गोळीसुद्धा दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. म्हणून मी प्रत्येकाला आधी हेच विचारतो की डुकराच्या मागे काय आहे : बांधाची माती, चढ, की मोकळे आकाश? माचाणावरून खाली मारलेली गोळी जमिनीत जिरते; बांधावर उभे राहून आडवी मारलेली जिरत नाही. बोअर निवडताना ही गोष्ट वेगाच्या तक्त्याच्या कितीतरी आधी येते.

दुनळी सुचवली ती याच हिशेबाने, माल खपवण्यासाठी नव्हे. खुद्द कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणाच्या संदर्भात ठासणीच्या बंदुकीचा आणि किमान २० इंच नळीच्या, आतून गुळगुळीत असलेल्या बंदुकीचा उल्लेख आहे. १२ बोअरचे एसजी किंवा एलजी (मोठ्या छर्ऱ्यांचे) काडतूस तीस-पस्तीस मीटरपर्यंत डुकराला पुरते. त्यापुढे छर्रे पसरतात आणि जनावर जखमी होऊन फडात शिरते, जे कोणत्याही माणसाने होऊ देऊ नये, कारण जखमी डुकराच्या वाटेत सकाळी ऊसतोड करणारे मजूर येतात. काडतूस खडकीच्या कारखान्याचे मिळते. बंदूक घेतल्यावर डुकराच्या छातीएवढा पुठ्ठा परवानगी असलेल्या रेंजवर आधी २५ आणि मग ३५ मीटरवर लावून दोन्ही नळ्या वेगवेगळ्या मारून पाहाव्यात. साधारणपणे उजव्या नळीचे छर्रे जास्त पसरतात, डाव्या, जास्त आवळलेल्या नळीचे कमी. पुठ्ठ्यावर ज्या अंतराला मोकळी जागा दिसू लागते, तीच आपल्या बंदुकीची मर्यादा; मग चांदणे कितीही लख्ख असो.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी सांगू लागलो तेव्हा आपण उठून गेलात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. .३१५ ने आपली एक जागा आधीच घेतली आहे. रूपांतराऐवजी नवीच क्रीडमूर घ्यायची म्हटली, तरी उरलेली एकमेव जागा ज्याची काडतुसे मिळत नाहीत अशा हत्याराने भरावी, की रोज उपयोगी पडणाऱ्या बंदुकीने, याचा विचार आपण शांतपणे करावा. आजोबांची रायफल मात्र मोडू नका. तिची नळी मी दिव्यासमोर धरून पाहिली. तोंडाशी आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) थोडे झिजले आहेत, पण चेंबर स्वच्छ आहे आणि दस्ता मूळचाच आहे. साफसफाई आणि तपासणी करून ती आहे त्याच बोअरमध्ये ठेवावी, हेच माझे मत आजही आहे.

कागदपत्रांबाबत. आपण अभिप्रायात ‘शिकारी रायफल’ असे लिहिले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या देशात हौसेची शिकार बंद आहे, आणि पिकाची नासाडी करणारे डुक्कर मारायलाही कलम ११ खाली मुख्य वन्यजीव संरक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता असते. त्याचे मटण वाटून खाल्ले की शेतकरी आरोपी होतो. भीमगड अभयारण्य आपल्या तालुक्यातच आहे, त्यामुळे शेत अभयारण्याच्या हद्दीच्या कोणत्या बाजूला येते, हेही पाहावे लागते. विजेची तार सोडून किंवा गावठी बॉम्ब पेरून माणसे, गुरे आणि गवे जिथे मरतात, तिथे कायदेशीर मार्गाने जाऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याविषयी मला मनापासून आदर वाटतो, आणि म्हणूनच त्याने कागदाअभावी अडकू नये असे वाटते. तो आदेश मी मागितला तो आपल्यावर संशय घेऊन नव्हे.

आपण अभिप्राय काढून टाकावा, अशी माझी विनंती नाही. पुन्हा यावेसे वाटले तर रायफल रिकामी करून, बोल्ट वेगळा ठेवून आणा. परवान्याचे मूळ पुस्तक आणि वन खात्याचा आदेश कानडीत असला तरी तसाच आणा, आम्ही वाचून समजावून देऊ. आणि आपल्या भावकीची जमीन शिनोळीपलीकडे महाराष्ट्रात असल्याचे आपण लिहिले आहे, तेव्हा परवान्यावरील क्षेत्राचा रकाना आधी पाहा : तिथे फक्त कर्नाटक लिहिलेले असेल, तर क्षेत्र वाढवून घेईपर्यंत कोणतीही बंदूक नाका ओलांडून नेऊ नका.

आपला,
दुकानाचा मालक, बेळगाव